परीक्षानळीतील वीस मिनिटे

श्रावणाचा पहिला आठवडा होता. खडकवासल्यातून आदल्या दिवसापासून पाणी सोडले जात होते, भिडे पूल पाण्याखाली गेला होता आणि मुठेच्या काठावरची झुडपे अर्धी बुडालेली दिसत होती. अशा दिवसांत सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला ठाऊक आहे. नदी चढली की काठावरच्या बिळांतले उंदीर आणि घुशी वरच्या बाजूला, माणसांच्या वस्तीकडे सरकतात आणि त्यांच्यामागोमाग सापही येतात. त्यामुळे सकाळी सव्वासात वाजता फोन वाजला, तेव्हा तो कशासाठी असावा याचा मला थोडा अंदाज होता.

फोन नदीकाठी बंगल्यात राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांचा होता. त्यांच्या पाच वर्षांच्या कुत्र्याचे नाव खंड्या. ऐकणाऱ्याला वाटते की जेजुरीच्या खंडोबावरून हे नाव ठेवले असावे. पण काका चाळीस वर्षे पक्षी पाहत आहेत आणि कुंपणाच्या तारेवर बसून पाण्यावर नजर ठेवणाऱ्या खंड्या पक्ष्यावरून त्यांनी ते ठेवले आहे.

"डॉक्टर, खंड्याच्या पुढच्या पायाला साप चावलाय. बिनविषारी आहे म्हणतात, अजगराचं पिल्लू होतं. पण पाय फार सुजलाय आणि रक्त थांबत नाही."

"कोण म्हणतं अजगराचं पिल्लू?"

"सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, तिथं दोघांनी सांगितलं."

तो फोटो मी ताबडतोब मागवून घेतला. सुनेने तो पायरीवरूनच, सुरक्षित अंतर ठेवून काढला होता आणि चांगला स्पष्ट होता. तपकिरी अंगावर साखळीच्या कड्यांसारखे, काळी किनार असलेले लंबगोल ठिपके एकामागोमाग एक नीट रांगेत होते. अजगराच्या अंगावरचे पट्टे वेडेवाकडे, नकाशातल्या देशांसारखे असतात. त्यांत अशी शिस्तशीर साखळी नसते. ती घोणस होती. आपल्याकडे घोणशीला अजगराचे पिल्लू समजण्याची चूक इतकी सर्रास होते की, जाड अंगाचा आणि ठिपक्यांचा साप दिसला तर तो घोणस आहे असे धरूनच चालावे, असे मी प्रत्येक पालकाला सांगते.

दंश सव्वासहाला झाला होता. म्हणजे एक तास गेलेला होता. त्या तासात पायावर हळद लावली गेली होती आणि शेजाऱ्यांनी आग्रहाने पायाच्या वरच्या भागात ओढणी करकचून बांधली होती. मी काकांना सांगितले की खंड्याला एक पाऊलही चालू देऊ नका, चादरीत उचलून गाडीत आडवे ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि बांधलेल्या ओढणीला स्वतः हात लावू नका. चावलेला पाय हलला की स्नायूंच्या हालचालीबरोबर विष शरीरात लवकर पसरते. म्हणून कुत्र्याला शांत ठेवणे हाच घरच्या घरी करता येण्याजोगा एकमेव खरा उपचार आहे. कापणे, चोखणे, बर्फ लावणे यांनी नुकसानच होते.

पावणेआठच्या आधीच ते पोहोचले. पाय कोपरापर्यंत सुजून निळसर झाला होता आणि दातांच्या दोन खुणांमधून पातळ, काळपट रक्त झिरपत होते. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे हिरड्यांच्या कडेलाही रक्त दिसत होते. मी काकूंना पहिला प्रश्न विचारला तो सापाविषयी नव्हता. "घरात किंवा आसपास उंदराचं औषध टाकलं होतं का, आठवड्याभरात?" त्या गोंधळल्या, पण हा प्रश्न विचारावाच लागतो. उंदीर मारण्याची आजची बरीचशी औषधे के जीवनसत्त्वाचे काम अडवून रक्त गोठणे थांबवतात आणि ते खाल्लेल्या कुत्र्यालाही असाच रक्तस्राव होतो. फरक इतकाच की तिथे लक्षणे दोन ते पाच दिवसांनी दिसतात आणि उपचार पूर्णपणे वेगळा असतो. काकूंनी औषध टाकले नव्हते. फोटो होता, सूज तासाभरात चढली होती. तरीही मी खंड्याच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढले, कोरड्या स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत घातले, ती नळी टेबलावर उभी ठेवली आणि घड्याळ लावले.

ही तपासणी अगदी साधी आहे. वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही आणि मग ती एकदा तिरपी करायची. रक्त निरोगी असेल तर त्याची घट्ट गाठ तळाशी चिकटून राहते. घोणशीचे विष रक्तात पोहोचले असेल तर रक्त पाण्यासारखे वाहते. नळी मात्र काचेचीच हवी, कारण प्लास्टिकमध्ये निरोगी रक्तही वेळेवर गोठत नाही आणि आपली फसगत होते. मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही, वीज गेली तरी चालते. चौदा वर्षांपूर्वी, दवाखाना नवा असताना, याच भागातला एक स्पिट्झ तोंड सुजलेल्या अवस्थेत माझ्याकडे आला होता. विंचू किंवा गांधीलमाशी असेल असे समजून मी सूज कमी करणारे इंजेक्शन देऊन त्याला घरी पाठवले आणि त्या रात्री तो गेला. ती परीक्षानळी मी त्या दिवशी ठेवली नव्हती. तेव्हापासून अचानक सूज आलेल्या प्रत्येक कुत्र्यासाठी मी ती ठेवते, मग पालक कितीही घाईत असोत.

त्या वीस मिनिटांत हातावर हात ठेवून बसायचे नसते. दुसऱ्या पायाच्या शिरेत सलाईन लावले, अॅड्रेनॅलिनची सुई भरून ठेवली, प्रतिविषाच्या कुप्या कपाटातून काढल्या. आपल्याकडचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि एकच औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. कुपीत पांढरी भुकटी असते; तिच्यात दहा मिलिलिटर पाणी घालून ती हळूहळू गोल फिरवत विरघळवायची, कारण जोरात हलवली तर फेस होतो. कुत्रा लहान असो वा मोठा, मात्रा त्याच्या वजनावर ठरत नाही, तर सापाने किती विष सोडले असावे यावर ठरते. हे समजावून सांगितल्याशिवाय पालकांना पटत नाही की अठरा किलोच्या कुत्र्यालाही माणसाइतक्याच कुप्या का लागतात.

आठ वाजून सात मिनिटांनी मी नळी तिरपी केली. रक्त एका बाजूने सरळ वाहत वर आले.

काका माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी विचारले, "रक्त पातळ का झालं?" घोणशीचे विष रक्त पातळ करत नाही. उलट ते रक्त गोठवणाऱ्या घटकांना, विशेषतः पाचव्या आणि दहाव्या घटकाला, शरीरभर एकाच वेळी कामाला लावते. नको त्या ठिकाणी सूक्ष्म गुठळ्या होत राहतात आणि खरी जखम भरायची वेळ येते तेव्हा गोठण्याचे सामान संपलेले असते. या विषाचे हे काम इतके नेमके आहे की मानवी रक्त गोठण्याच्या एका प्रसिद्ध तपासणीत प्रयोगशाळा आजही घोणशीचे अतिशय सौम्य केलेले विष वापरतात. मला या सापाविषयी भीतीइतकाच आदर वाटतो, तो अशा गोष्टींमुळे.

तीन कुप्या सलाईनमधून हळूहळू सुरू केल्या आणि त्या चालू झाल्यावरच ओढणी थोडी थोडी सैल करत सोडली. घोणशीच्या दंशात असे घट्ट बांधल्याने विष एका जागी कोंडते आणि तिथले मांस सडू लागते. शिवाय बंध एकदम सोडला तर कोंडलेले विष एका लोंढ्यासारखे रक्तात जाते. पंधरा मिनिटांनी खंड्याच्या पापण्या आणि ओठ फुगू लागले. हे विषाचे नव्हे, तर घोड्याच्या प्रथिनांचे लक्षण होते. सलाईन थांबवले, इंजेक्शन दिले, फुगारा ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि निम्म्या वेगाने पुन्हा सुरू केले. त्या अर्ध्या तासात काकूंनी त्याच्या डोक्यावरचा हात एकदाही काढला नाही.

दुपारी सव्वादोनला दुसरी नळी लावली. तीही वाहिली. आणखी दोन कुप्या दिल्या. मधल्या काळात लघवी लालसर झाली होती आणि मला मूत्रपिंडांची काळजी वाटू लागली होती, कारण घोणशीच्या दंशातून वाचलेली जनावरेही पुढे मूत्रपिंड निकामी होऊन जातात. इतर रुग्ण होतेच. एका पिल्लाला लस द्यायची होती, एका मांजरीची जखम शिवायची होती. ती कामे माझ्या हातांनी केली खरी, पण डोळे खंड्याखाली ठेवलेल्या लघवीच्या भांड्याकडे जात होते.

रात्री साडेआठला लावलेली तिसरी नळी मी नऊला दहा मिनिटे कमी असताना तिरपी केली, आणि मग आणखी तिरपी केली, आणि मग पूर्ण उलटी केली. तळाशी गडद लाल गाठ जागच्या जागी राहिली. काकांनी ती नळी हातात घेऊन दिव्यासमोर धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढचे चार दिवस खंड्या दवाखान्यातच राहिला. मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी २.६ पर्यंत चढले आणि मग उतरू लागले. पायाची थोडी कातडी गेली, ती हळूहळू भरून आली.

या सगळ्या काळात घोणशीचे काय झाले, हे सांगायला हवे. सकाळी शेजारचा रखवालदार काठी घेऊन धावला होता आणि स्वतःचा कुत्रा रक्तबंबाळ असतानाही काकांनी त्याला अडवले होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि साप मारणे हा त्याखाली गुन्हा आहे. पण काकांनी अडवले ते कायद्यासाठी नव्हे, काठी मारायला जवळ जाणाऱ्यालाच पुढचा दंश होतो हे त्यांना माहीत होते म्हणून. सुनेने वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला आणि दुपारी आलेल्या सर्पमित्रांनी परसातल्या जुन्या कौलांच्या ढिगाखालून साडेतीन फुटांची घोणस बाहेर काढली.

त्या रविवारी मी त्यांचे परस पाहायला गेले. काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "सगळी झाडं काढून टाकू, फरशी घालू. ते पक्षीबिक्षी आता नकोत." मला ते ऐकून फार वाईट वाटले, कारण ते परस म्हणजे नदीचाच एक तुकडा होता. रानजाईच्या कुंपणात भारद्वाज होता, जास्वंदीवर शिंजीर होता, पलीकडे नदीच्या उथळ भागात ढोकरी आणि हळदीकुंकू बदके होती. यांतल्या कशानेही साप बोलावला नव्हता. साप बोलावला होता तो पक्ष्यांसाठी टांगलेल्या ज्वारीच्या थाळीने, जिच्यातले सांडलेले दाणे रात्रभर खाली पडून असत आणि घुशी ते खायला येत; रात्री बाहेर राहिलेल्या खंड्याच्या जेवणाच्या ताटलीने; आणि कौले व नारळाच्या झावळ्या यांच्या त्या ढिगाने, जिथे घुशीनेही घर केले होते आणि घोणशीनेही.

म्हणून आम्ही ढीग हलवला आणि उरलेली कौले जमिनीपासून हातभर उंच लोखंडी मांडणीवर ठेवली. ज्वारी सकाळीच, मूठभरच घालायची आणि दुपारी खालची जागा झाडायची, असे ठरले. व्हरांड्याभोवती मीटरभर पट्ट्यातले गवत आखूड ठेवायचे आणि त्यापलीकडचे जसे आहे तसे वाढू द्यायचे. फाटकाखालच्या फटीला बारीक जाळी लागली. फिनाईल आणि डांबरगोळ्या टाकण्याचा सल्ला त्यांना चारजणांनी दिला होता. साप त्यांना जुमानत नाहीत आणि डांबरगोळी कुत्र्याने गिळली तर ती त्याला विष ठरते. उंदरांचे औषधही मी ठामपणे नको म्हटले, कारण ते खाल्लेला उंदीर खंड्याने तोंडात धरला किंवा कुंपणापलीकडच्या गव्हाणी घुबडाने खाल्ला, तर विष तिथवर पोहोचते.

काकांशी सर्वांत जास्त बोलणे झाले ते साखळीविषयी. खंड्या पहाटे अंधारात एकटा परसात जात असे आणि नदीकाठी मोकळा धावत असे. मला माहीत आहे की मोकळा धावणारा कुत्रा पाहण्यात केवढा आनंद असतो. पण टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि मोकळा कुत्रा ती एका झेपेत तुडवतो. मुंगूस आणि उदमांजर यांना कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार होतो आणि २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्येही हा विषाणू सापडला होता. साखळी खंड्याला नदीपासून वाचवते आणि नदीकाठच्या जिवांना खंड्यापासून. डिस्टेंपर, रेबीज आणि उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी मी त्या भेटीतच वहीत तपासल्या. लेप्टोची एक तारीख चुकली होती, ती खंड्या बरा झाल्यावर दिली.

सहा आठवड्यांनी काकांनी एक फोटो पाठवला. परसातल्या पाण्याच्या टाकीच्या कडेला अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेला साप होता आणि मागे दोन मीटरवर, लांब दोरीला, खंड्या कान टवकारून बसला होता. खाली लिहिले होते, "ग्रुपवर टाकण्याआधी तुम्हाला विचारतो. दिवडच ना?"

मी लिहिले, "दिवडच आहे काका. राहू दे तिला."