डिस्क उद्या दुसरीकडे उघडेल का?

वडिलांनी कॅसेटवरून संगणकावर उतरवून घेतलेल्या प्रवचनांची संख्या तीनशेच्या वर गेली, त्यात भाचीच्या बारशापासूनचे फोटो आणि दोन लग्नांच्या जुन्या चित्रफिती मिळाल्या, आणि हे सगळे चार हार्ड डिस्क, दोन लॅपटॉप आणि आईच्या फोनमध्ये विखुरलेले आहे हे लक्षात आले, तेव्हा घरात एक लहानसा सर्व्हर असावा असे मी ठरवले. यंत्र शोधायची गरज नव्हती. सहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा आणि आठ जीबी रॅमचा, एका कचेरीतून निवृत्त झालेला संगणक आमच्याकडे टेबलाखाली पडून होता. त्यावर विंडोज १० होते आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ साठी अधिकृतपणे किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो रस्ताही बंद होता. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, केबली आणि एक छोटी एसएसडी आणली, चार टीबीच्या तीन डिस्क जोडल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेटिंग सिस्टीम निवडायला बसलो.

निवडीसाठी मी सुरुवातीलाच एक कसोटी ठरवली होती आणि ती वेगाची किंवा सोयींच्या संख्येची नव्हती. हे यंत्र एके दिवशी जळेल, त्या दिवशी आतली डिस्क काढून दुसऱ्या कोणत्याही संगणकाला लावली तर फायली दिसतील का, एवढाच माझा प्रश्न होता. दुसरी कसोटी मला नंतर, जरा महागात शिकायला मिळाली.

सर्वांत आधी ट्रूनॅस हे खास साठवणुकीच्या सर्व्हरसाठी बनवलेले सॉफ्टवेअर पाहिले, कारण जाणकार मित्र हेच नाव घेतात. २००५ साली फ्रीबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर सुरू झालेले फ्रीनॅस २०२० मध्ये ट्रूनॅस कोअर या नावाने ओळखले जाऊ लागले आणि २०२२ मध्ये त्याची डेबियन या लिनक्सच्या एका वाणावर बेतलेली स्केल ही शाखा आली. आता नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीच घ्यावी, कारण कोअरमध्ये केवळ डागडुजी चालू आहे. ट्रूनॅसचे सगळे बळ झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीत, आहे. ती प्रत्येक ब्लॉकची, म्हणजे माहितीच्या तुकड्याची, पडताळणी-बेरीज वेगळी लिहून ठेवते आणि वाचताना ती जुळली नाही तर आरशासारख्या ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीवरून चूक दुरुस्त करते. डिस्कवर शांतपणे पडून असलेला फोटो पाच वर्षांनी अर्धा करडा निघणे हा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला या गोष्टीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

तरीही मी ते घेतले नाही. आठ जीबी ही ट्रूनॅसची किमान अट आहे, म्हणजे माझे यंत्र उंबरठ्यावरच उभे होते. रेड-झेड या, अनेक डिस्क मिळून एक साठा करण्याच्या झेडएफएसच्या पद्धतीच्या गटात मागाहून एकेक डिस्क वाढवण्याची सोय २०२४ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत मिळाली, त्यामुळे पूर्वीची एक मोठी तक्रार आता उरलेली नाही. पण रेड-झेडमध्ये फायली सगळ्या डिस्कवर पसरलेल्या असतात. सुटी काढलेली एक डिस्क एकटी काहीच सांगत नाही. शिवाय परवान्यातील भेदामुळे झेडएफएस लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नाही, म्हणून गट दुसरीकडे उघडायचा तर त्याचे मोड्यूल, म्हणजे जोडभाग, असलेली सिस्टीम हाताशी हवी. उबंटूमध्ये ते तयार मिळते हे खरे आहे आणि मला ते जमलेही असते, पण माझ्या पश्चात घरी कोणाला जमेल याची खात्री मला देता येईना.

अनरेड हे त्याच प्रकारचे दुसरे सॉफ्टवेअर माझ्या कसोटीला उतरत होते. त्यात प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र फाइल सिस्टीम असते, पॅरिटीची, म्हणजे एखादी डिस्क गेल्यास तिच्यावरचे परत मिळवण्यासाठीच्या हिशेबाची, डिस्क वेगळी असते आणि डिस्क लहानमोठ्या चालतात, फक्त पॅरिटीची डिस्क इतर कोणत्याही डिस्कपेक्षा लहान असून चालत नाही. मात्र ते विकत घ्यावे लागते, तेव्हा त्याचा परवाना ज्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होई त्या पेनड्राइव्हला बांधलेला असे आणि मार्च २०२४ पासून स्वस्त परवान्यांबरोबर केवळ एका वर्षाचे अद्ययावतीकरण मिळते. पैसे देण्याला माझी हरकत नव्हती. घराचे सगळे संचित एका बोटभर पेनड्राइव्हच्या तब्येतीवर सोपवणे मनाला पटले नाही. परवाना नव्या पेनड्राइव्हवर हलवता येतो हे मला माहीत आहे, आणि ही नापसंती थोडी हट्टाची आहे हेही मान्य आहे.

मग मी साधे डेबियन टाकले. आवृत्ती १३ नुकतीच, ऑगस्ट २०२५ मध्ये आली होती. दोन डिस्कवर एक्स्टफोर ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम घातली, मर्जरएफएस वापरून त्या दोन्ही एकाच फोल्डरसारख्या दिसतील अशी व्यवस्था केली आणि तिसऱ्या डिस्कवर स्नॅपरेडची पॅरिटी ठेवली. यात मर्जरएफएस फायलींचे तुकडे करत नाही, प्रत्येक फाइल अखंडपणे कोणत्या तरी एकाच डिस्कवर असते. स्नॅपरेड ठरलेल्या वेळी, माझ्याकडे पहाटे तीन वाजता, सगळ्या फायली तपासून पॅरिटी आणि पडताळणी-बेरजा लिहितो. दर आठवड्याला तो साठ्याचा आठ टक्के भाग पुन्हा वाचून पाहतो, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत सगळ्या साठ्याची एक फेरी होते. झेडएफएसइतका हा पहारा कडक नाही. पहाटेनंतर आलेली फाइल पुढच्या पहाटेपर्यंत उघड्यावर असते, आणि मधल्या काळात बऱ्याच फायली पुसल्या तर दुसऱ्या डिस्कवरच्या फायली परत मिळवण्यातही खोट येऊ शकते. रोज बदलणाऱ्या कामाच्या फायलींना ही पद्धत शोभत नाही, परंतु प्रवचने आणि लग्नाच्या चित्रफिती एकदा ठेवल्या की कोणी बदलत नाही.

फायली हलवताना एक अडचण आली आणि तिचा उल्लेख मला कुठल्याही तुलनेत सापडला नव्हता. वडील फाइलचे नाव कॅसेटच्या पुठ्ठ्यावर लिहावे तसे लिहितात. त्यांची एक फाइल अशी होती: ‘ज्ञानेश्वरी प्रवचन अध्याय बारावा भाग तिसरा शेवटची दहा मिनिटे नाहीत दुसऱ्या कॅसेटवर पाहणे मार्गशीर्ष’. विंडोजवर हे नाव बिनतक्रार राहत होते. लिनक्सने मात्र ‘फाइल नेम टू लाँग’ असे म्हणून ती फाइल घेण्यास नकार दिला. मी अक्षरे मोजली, तर शेवटच्या एमपीथ्रीसह एकूण १०३ चिन्हे भरली. फाइलच्या नावाची मर्यादा २५५ ची असताना १०३ जास्त कशी, असा प्रश्न मला तासभर छळत होता.

उत्तर असे की विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम नावाची मर्यादा चिन्हांत मोजते, तर एक्स्टफोर ती बाइटमध्ये मोजते, आणि युटीएफ-आठ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण ही सगळी वेगवेगळी चिन्हे असतात. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण संगणकाच्या लेखी तो अकरा चिन्हांचा आणि तेहेतीस बाइटचा आहे. वडिलांचे ते नाव २७५ बाइटचे झाले होते. थोडक्यात, इंग्रजीत नावे लिहिणाऱ्याला २५५ अक्षरांची पाटी मिळते आणि मराठीत लिहिणाऱ्याला ८५ चिन्हांची. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टीम आणि नेहमीच्या मांडणीतील झेडएफएस यांच्यातही हीच मर्यादा आहे, त्यामुळे या कारणावरून लिनक्सच्या सिस्टीमांमध्ये डावे-उजवे करता येत नाही. ज्यांच्या घरी मराठीत लांब नावे आहेत त्यांनी फायली हलवण्याआधी, विंडोजवर असतानाच, ती आखूड करून घ्यावीत. आमच्याकडे अशी एकवीस नावे निघाली. ‘पाहणे’ हा शब्द गाळण्यास वडिलांनी संमती दिली, ‘मार्गशीर्ष’ गाळण्यास दिली नाही, म्हणून ‘शेवटची दहा मिनिटे नाहीत’ याच्या जागी ‘अपूर्ण’ आले.

मी घरी नसताना यंत्र आपणहून सावरेल का, ही दुसरी कसोटी शिकवली ती मार्गशीर्षातल्याच एका गुरुवारने. पुण्यात गुरुवार म्हटला की दुरुस्तीसाठी वीज जाणार हे गृहीत धरूनच माणसे दळण आणि इस्त्री उरकतात. त्या दिवशी मी कामानिमित्त नागपूरला होतो. दुपारी वीज गेली, माझा यूपीएस पंधरा मिनिटे तग धरून झोपला आणि संध्याकाळी वीज आल्यावर सर्व्हर सुरू झाला खरा, पण टीव्हीवर काही दिसेना. महालक्ष्मीच्या पूजेच्या वेळी आजीच्या आवाजातली कहाणी लावायची आमच्याकडे पद्धत पडली आहे आणि ती आता फक्त सर्व्हरवर होती. आईचा फोन आला, “अरे, तुझा तो डबा नुसताच घुमतोय.” मी नागपूरहून त्या यंत्रात शिरण्याचा प्रयत्न केला, पण ते नेटवर्कवरच नव्हते. शेवटी पत्नीने त्याची एचडीएमआय वायर टीव्हीला लावून पडद्याचा फोटो पाठवला. काळ्या पडद्यावर रूट पासवर्ड मागणारी एक ओळ उभी होती.

दोष माझाच होता. एका डिस्कची केबल सैल होती, त्यामुळे ती डिस्क सुरुवातीला सापडली नाही. कोणती डिस्क कुठे जोडायची हे ज्या एफएसटॅब फाइलमध्ये लिहितात, तिथे मी ‘नोफेल’ हा शब्द लिहिला नव्हता. तो नसेल तर लिनक्स हरवलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहतो आणि मग नेटवर्क न उघडताच आणीबाणीच्या स्थितीत थांबतो. ज्या यंत्राला मॉनिटर नाही त्याच्या बाबतीत याचा अर्थ ते बंद असल्यासारखेच आहे. शब्द लिहिला असता तर उरलेल्या डिस्कवरच्या फायली निमूट दिसल्या असत्या. त्या संध्याकाळी आईने पोथीतून कहाणी वाचली.

परत आल्यावर मी ओपनमीडियाव्हॉल्ट टाकले. हे पहिल्या फेरीत मी नाक मुरडून बाजूला ठेवले होते, कारण डेबियन येत असताना त्यावर वेब पानांचे आवरण कशाला, असा माझा ताठा होता. फ्रीनॅसवर काम केलेल्या फोल्कर थाइले यांनी ते डेबियनवर उभारले आणि २०११ पासून ते उपलब्ध आहे. आतून ते डेबियनच असल्यामुळे एक्स्टफोर, मर्जरएफएस आणि स्नॅपरेड यांची माझी मांडणी जशीच्या तशी राहिली, शेवटच्या दोहोंसाठी जोडण्या मिळतात. त्यातून डिस्क जोडली की एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ आपोआप लिहिले जाते. एखाद्या दिवशी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फायली पुसलेल्या दिसल्या तर स्नॅपरेडची पहाटेची फेरी थांबवून ते मला ईमेल पाठवते. यूपीएस यूएसबीने जोडला की बॅटरी संपण्याआधी यंत्र रीतसर बंद होते. या सगळ्या चुका माझ्याआधी कोणी तरी करून ठेवल्या आहेत आणि त्यांवरचे उपाय आत घातले आहेत, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

त्याच्या खोडीही आहेत. सेटिंगच्या फायलींवर ते आपला हक्क सांगते. नेटवर्कवर फायली उपलब्ध करून देणाऱ्या सांबाची फाइल मी सवयीने हाताने सुधारली आणि पुढच्या वेळी वेब पानावर ‘लागू करा’ म्हटल्याबरोबर माझी सुधारणा पुसली गेली. ज्या एसएसडीवर सिस्टीम असते तिच्यावर फायली ठेवण्याची सोय मुळात दिलेली नाही, म्हणून १२० जीबीपैकी बहुतेक जागा रिकामी पडून आहे. ज्याला प्रत्येक ओळ स्वतः लिहायची आहे त्याने साधे डेबियनच घ्यावे.

चित्रफिती दाखवण्याचे काम जेलीफिन करते. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या अशाच कार्यक्रमापासून वेगळा झालेला हा कार्यक्रम पूर्णपणे मोफत आहे, आणि चिपमधील सोय वापरून चित्रफितीचे रूपांतर करण्यासाठी प्लेक्स या दुसऱ्या कार्यक्रमाला लागतात तसे वेगळे पैसे त्याला मोजावे लागत नाहीत. आमच्या लग्नाच्या डीव्हीडीवरची जुन्या पद्धतीची चित्रफीत टीव्हीला थेट समजत नाही, ती इंटेलच्या चिपमधून जाताना बदलून दिली जाते आणि प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही. सगळे मिळून यंत्र सरासरी ३५ वॅट घेते, म्हणजे महिन्याला सुमारे २५ युनिट होतात.

पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे, म्हणून फोटो आणि प्रवचने यांची एक प्रत बहिणीकडे चिंचवडला असते. ती डिस्क मुद्दाम एक्सफॅटमध्ये ठेवली आहे, कारण तिच्या विंडोजच्या लॅपटॉपला एक्स्टफोर थेट वाचता येत नाही आणि गरज पडेल तेव्हा तिने आधी लिनक्स शिकावे अशी अपेक्षा करणे गैर आहे. दर दोन महिन्यांनी ती डिस्क इकडे येते, भरून परत जाते.

घरच्यांसाठी मी कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवला आहे. वीज आल्यावर पाच मिनिटे थांबावे, तरीही टीव्हीवर फोल्डर न दिसल्यास समोरचे बटन एकदाच दाबून दिवा विझेपर्यंत वाट पाहावी आणि मग पुन्हा दाबावे, एवढाच मजकूर त्यावर आहे. दुसऱ्या दिवशी पाहिले तर वडिलांनी ‘बटन’ खोडून वर ‘बटण’ लिहिले होते आणि ‘एकदाच’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या.