‘रूल आऊट पीई’ एवढ्यावर सीटी मागवू नका

सीटी पल्मनरी अँजिओच्या (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या सीटीच्या) फॉर्मवर ‘रूल आऊट पीई’ (फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली नाही ना ते बघा) एवढंच खरडलं तरी कागदावर ते खपून जातं. डिसिजन सपोर्ट (मागवलेली तपासणी योग्य आहे का ते सुचवणारं सॉफ्टवेअर) बसवलेल्या सिस्टीमला मात्र त्यातून फारसं काही कळत नाही. तिला यादीतून निवडलेलं इंडिकेशन (तपासणीचं कारण) लागतं: संशय किती दाट आहे, डी-डायमर (गुठळीची खूण शोधणारी रक्ततपासणी) आला का, बाई गरोदर आहे का. जे निवडाल त्यालाच ती गुण देते. खाटेवरचा पेशंट तिला दिसत नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या निकषांत गुण १ ते ९ असतात. ७ ते ९ म्हणजे तपासणी योग्य, ४ ते ६ म्हणजे योग्य ठरू शकते, १ ते ३ म्हणजे सहसा नको. पडद्यावर हे बहुधा हिरवं, पिवळं, लाल दिसतं आणि शेजारी पर्यायी तपासण्या व त्यांचं रेडिएशन. युरोपातलं ‘ईएसआर आयगाइड’ याच निकषांवर बेतलेलं आहे. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सचं ‘आयरेफर’ वापरतात. पिवळ्याला घाबरायचं कारण नाही. कधी कधी तज्ज्ञांचंच एकमत झालेलं नसतं म्हणून तो येतो.

पीईच्या ऑर्डरमध्ये खरी मेख वेल्स स्कोअरमध्ये, म्हणजे पीईची शक्यता मोजणाऱ्या वेगळ्या गुणांमध्ये आहे. पायात डीव्हीटीची (खोल शिरेतल्या गुठळीची) लक्षणं ३, पीई हेच सर्वांत संभाव्य निदान ३, नाडी १०० च्या वर १.५, तीन दिवस अंथरुणाला खिळलेला किंवा चार आठवड्यांत ऑपरेशन १.५, आधीची पीई वा डीव्हीटी १.५, थुंकीतून रक्त १, कॅन्सर १. बेरीज ४ किंवा कमी असेल तर आधी डी-डायमर, ४ च्या वर गेली तर थेट सीटी. आता गंमत बघा. ‘सर्वांत संभाव्य निदान’ ही एकमेव टिक पूर्णपणे डॉक्टरच्या मतावर आहे. ती आणि जलद नाडी, दोन्ही टिकल्या की ४.५ झाले, डी-डायमर न करताच हिरवा दिवा. ज्याला सीटी हवाच आहे त्याला ही वाट लवकर सापडते. म्हणून स्कोअर आधी मांडावा, डी-डायमर नंतर पाठवावा, आणि ती ३ गुणांची टिक करताना न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर वगैरे खरंच मागे पडले आहेत का ते स्वतःला विचारावं.

दुसरा खड्डा युनिटचा. पन्नाशीनंतर डी-डायमरची मर्यादा वयाच्या दहापट धरतात, म्हणजे ७२ वर्षांच्या माणसाला ७२० नॅनोग्रॅम प्रति मिली. रिपोर्ट ६४० आला की निगेटिव्ह म्हणून सोडून द्यायचा मोह होतो. पण डी-डायमर एफईयू आणि डीडीयू अशा दोन युनिटांत मोजतात, आणि हा हिशोब एफईयूचा आहे. लॅब डीडीयूमध्ये रिपोर्ट देत असेल तर तेच ६४० एफईयूत साधारण १,२८० होतात, म्हणजे चक्क पॉझिटिव्ह. सिस्टीममध्ये आकडा हाताने भरायचा असेल, तर लॅबचं युनिट बघितल्याशिवाय भरू नका.

कंबरदुखीत चूक उलट्या बाजूने होते. ‘लो बॅक पेन’ एवढंच निवडलं की एमआरआयला लाल येतो, आणि साध्या दुखण्यात तो बरोबरच आहे. तिथे सुमारे सहा आठवडे औषधं-व्यायाम आधी. पण त्याच पेशंटला लघवी तुंबली असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा असेल, तर कॉडा इक्वायनाचं (कण्याच्या तळाच्या नसांवरच्या दाबाचं) इंडिकेशन निवडायला हवं. तिथे कॉन्ट्रास्टशिवायचा (प्रतिमा उजळवणारं औषध शिरेतून न देता केलेला) एमआरआय हिरवा आहे आणि तो आजच हवा. लाल दिसला की ‘ओव्हरराइड’ (इशारा डावलून पुढे जा) दाबण्याआधी इंडिकेशन पुन्हा बघा.

कॉन्ट्रास्टचा रकाना घाईत भरला जातो. मणक्याच्या एमआरआयला, इन्फेक्शन किंवा कॅन्सरचा संशय असताना, ‘विदाउट अँड विथ’ (आधी कॉन्ट्रास्टशिवाय, मग कॉन्ट्रास्टसह) मागवावं. नुसत्या ‘विथ’ला कमी गुण मिळतात, कारण आधीची प्रतिमा नसेल तर नेमकं काय उजळलं ते ठरवणं अवघड जातं. पोटाच्या सीटीला मात्र ‘विदाउट अँड विथ’ बहुतेकदा नको असतं, रेडिएशन दुप्पट होतं.

अशी सिस्टीम वापरायची सक्ती फसूही शकते. अमेरिकेने २०१४ च्या कायद्याने मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) सीटी, एमआरआय, पेट स्कॅनसाठी हे बंधनकारक ठरवलं, पण दंडाचा टप्पा कधी आलाच नाही आणि २०२४ पासून नियम मागे घेतले. प्रत्येक बिलाशी हे जुळवणं जमेना. त्याआधीच्या प्रायोगिक प्रकल्पातच जवळपास दोनतृतीयांश ऑर्डरींना लागू पडणारा निकषच सापडला नव्हता. डॉक्टरने माहिती भरायची आणि सिस्टीमने ‘गुण नाहीत’ म्हणायचं, असं रोज झालं तर कोण वाचेल ती खिडकी? नवीन बसवणाऱ्यांनी आधी काही आठवडे इशारे न दाखवता सिस्टीम पडद्याआड चालवून बघावी, आणि ज्या इंडिकेशनला उत्तर नाही तिथे खिडकी उघडूच देऊ नये.

जिथे अजून कागदी फॉर्म आहे तिथेही हेच प्रश्न एका ओळीत बसतात: ‘७२ वर्षं, १५ दिवसांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन, नाडी ११२, वेल्स ३, डी-डायमर १,२८० एफईयू, ईजीएफआर ५८ (कालचा).’ ईजीएफआर म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, कॉन्ट्रास्ट देण्याआधी तो बघतात.