हिममानवाची पुस्तकं: वर्षानुसार लावा, मग वाचा

हिमालयातला हिममानव म्हणजे यती आणि उत्तर अमेरिकेतला बिगफूट म्हणजे सॅस्क्वॉच, या विषयाची पुस्तकं मनापासून वाचायची असतील, तर ती लेखकानुसार किंवा देशानुसार लावू नका. प्रकाशनाच्या वर्षानुसार लावा. या विषयात मूळ पुरावे मोजके आहेत आणि पुस्तकं भरपूर. प्रत्येक नवा लेखक आधीच्यांकडून उचलतो आणि उचलताना काहीतरी गळतं. वर्षानुसार वाचलं की काय गळलं आणि कोणाच्या हातून गळलं, त्यावर बोट ठेवता येतं.

१९२१ चंच बघा. हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखालच्या एव्हरेस्ट मोहिमेला ल्हाक्पा ला खिंडीच्या वाटेवर, वीस हजार फुटांहून जास्त उंचीवर, बर्फात पावलं दिसली. पुढच्या असंख्य पुस्तकांत हा हिममानवाचा पुरावा म्हणून येतो. पण मोहिमेचा अधिकृत वृत्तांत १९२२ साली निघाला, तो उघडून पाहा. हमालांनी ही रानटी हिममाणसाची पावलं असल्याचं सांगितलं, हे हॉवर्ड-बरी नोंदवतात. पण त्यांचं स्वतःचं मत असं, की ती बहुधा मोठ्या करड्या लांडग्याची असावीत. मऊ बर्फात लांडगा पळाला की पावलावर पाऊल पडतं आणि अनवाणी माणसासारखा ठसा उमटतो. नंतर 'स्टेट्समन'मध्ये लिहिणारे हेन्री न्यूमन दार्जिलिंगला हमालांशी बोलले आणि त्यांनी 'अबॉमिनेबल स्नोमॅन' हे नाव छापलं. नाव जगभर गेलं, लांडगा मात्र त्या मूळ पानावरच राहिला.

त्याहूनही जुनं म्हणजे वॅडेल यांचं १८९९ चं 'अमंग द हिमालयाज'. सिक्कीमच्या बर्फात मोठी पावलं दिसल्याचा उल्लेख त्यात आहे. लोकांकडे चौकशी केली तेव्हा स्वतः पाहिलेला एकही माणूस भेटला नाही, सगळं ऐकीव निघालं, आणि पावलं अस्वलाची असावीत असं त्यांनी लिहून ठेवलं. ही दोन्ही पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. मागणीनुसार छापून देणारे यांच्या नव्या प्रती विकतात, त्या घेताना जपून. घडीचे नकाशे अर्धवट स्कॅन झालेले असतात आणि छायाचित्रं काळी पडतात. विकत घेण्याआधी चित्रसूची आणि प्रत्यक्ष चित्रं जुळवून पाहा.

आता सगळ्यात प्रसिद्ध पाऊल. नोव्हेंबर १९५१, मेनलुंग हिमनदी. गिर्यारोहक एरिक शिप्टन, मायकेल वॉर्ड आणि त्यांच्याबरोबरचे शेर्पा सेन तेनसिंग. ठशाशेजारी मापासाठी बर्फकुऱ्हाड ठेवलेला फोटो तुम्ही पाहिलेला असणारच. ठसा सुमारे १३ इंच लांब आणि खूप रुंद. या फोटोबरोबर पुष्कळ पुस्तकांत पावलांच्या लांबच लांब रांगेचाही फोटो छापतात आणि दोन्ही एकाच प्राण्याचे आहेत असं वाचणाऱ्याला वाटतं. तसं नाही. रांगेचा फोटो वेगळ्या पावलांचा होता, हा घोळ वानरांच्या शरीररचनेचे जाणकार जॉन नेपियर यांनी आपल्या 'बिगफूट' या पुस्तकात निस्तरला आहे. त्यामुळे नवं पुस्तक हातात आलं की आधी या दोन फोटोंखालच्या ओळी वाचा. दोन्ही एकत्र जोडलेले असतील, तर लेखकानं नेपियर वाचलेले नाहीत असं समजायला हरकत नाही.

ठसा तपासायचा कसा, हेही इथेच सांगतो. अस्वल आपल्यासारखंच पूर्ण तळवा टेकून चालतं. त्याचं मागचं पाऊल पुढच्याच्या खुणेवर अर्धवट पडलं की एकच लांब ठसा तयार होतो. उन्हानं कडा वितळतात, ठसा पसरतो, नखांच्या खुणा बुजतात. म्हणून फोटोत तीन गोष्टी शोधा: माप दाखवणारी वस्तू ठशाच्या पातळीवर ठेवली आहे का, बर्फ ताजा आहे की वितळून गोठलेला, आणि सगळ्यात मोठं बोट कोणत्या बाजूला आहे. माणसाचा अंगठा आतल्या बाजूला असतो, अस्वलाचं मोठं बोट बाहेरच्या बाजूला. त्यामुळे अस्वलाचा उजवा ठसा माणसाच्या डाव्या पावलासारखा दिसतो, आणि नुसत्या फोटोवरून 'दोन पायांवर चालणारा' असं ठरवणारे इथे हमखास फसतात. बडोद्यात बसून हे कसं कळणार असं वाटेल, पण पावागडच्या पलीकडे जांबुघोडा आहे आणि दाहोद जिल्ह्यात रतनमहाल. दोन्हीकडे अस्वलं आहेत. तिथल्या वनरक्षकाला ओल्या मातीतला मागच्या पायाचा ठसा दाखवायला सांगा, मग शिप्टनचा फोटो परत बघा. आपल्याकडच्या अस्वलाची नखं लांब असल्यामुळे त्यांच्या खुणा बोटांपासून बऱ्याच पुढे उमटतात. त्या मातीत दिसतात. बर्फात मात्र टिकतीलच असं नाही.

नेपाळमधल्या खुमजुंग गावात यतीच्या डोक्याचं कातडं म्हणून जपलेल्या टाळूचं प्रकरण लवकर आटोपतं. हिलरींनी १९६० साली ती गावाकडून उसनी घेतली आणि शिकागो, पॅरिस, लंडनला नेली. ती सेरो या रानबकऱ्यासारख्या प्राण्याच्या कातड्याला आकार देऊन बनवलेली निघाली. हिलरी आणि डेस्मंड डॉयग यांच्या १९६२ च्या 'हाय इन द थिन कोल्ड एअर'मध्ये सगळी हकिकत आहे.

अमेरिकेकडे वळलं की २० ऑक्टोबर १९६७ ची पॅटरसन-गिमलिन फिल्म, म्हणजे चालत जाणाऱ्या बिगफूटचं म्हणून दाखवलं जाणारं चित्रण, टाळता येत नाही. इथे एकच गणित पक्कं ठेवा. फिल्ममध्ये सुमारे ९५४ चौकटी (फ्रेम) आहेत आणि कॅमेरा कोणत्या वेगावर होता याची खात्रीची नोंद नाही. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर फिल्म ४० सेकंदांची होते, १८ धरल्या तर ५३, आणि १६ धरल्या तर जवळजवळ एक मिनिट. लंडनचे चालीचे अभ्यासक डोनाल्ड ग्रीव्ह यांचा निष्कर्ष असा, की २४ असेल तर ती चाल माणसाच्या चालीहून वेगळी काढता येत नाही. १६ किंवा १८ असेल तर येते. म्हणजे लेखकानं कोणता वेग धरला हे आधी पाहायचं, मग त्याचा निकाल वाचायचा. वेगाबद्दल अक्षरही न लिहिता चालीवर प्रकरण लिहिणारे लेखक आहेत. ते प्रकरण सोडून द्यावं.

डीएनएबद्दलही असंच. जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २०१४ साली लडाख आणि भूतानमधल्या केसांचे दोन नमुने प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळल्याचं जाहीर केलं. त्यांनी तपासलेला तुकडा फक्त १०४ अक्षरांचा होता, आणि एवढ्याशा तुकड्यावरून जवळच्या दोन अस्वलांत खात्रीनं फरक करता येत नाही. फेरतपासणीत हिमालयातलं तपकिरी अस्वल पुरेसं ठरलं. २०१७ साली शार्लोट लिंडक्विस्ट यांच्या गटानं 'यती'चे म्हणून जपलेले ९ नमुने जास्त खोलात तपासले: ८ अस्वलांचे, १ कुत्र्याचा. म्हणून २०१४ ते २०१७ मधल्या पुस्तकांत ध्रुवीय अस्वलाचा संकर दिमाखात मांडलेला दिसला, तर समासात पेन्सिलीनं २०१७ लिहून ठेवा.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर नेपियर यांचं 'बिगफूट' (१९७२). वानरांच्या शरीररचनेचा जाणकार, पुराव्याशी प्रामाणिक आणि भाषा स्वच्छ. त्यानंतर ह्युवेलमान्स यांचं 'ऑन द ट्रॅक ऑफ अननोन अ‍ॅनिमल्स', फ्रेंच मूळ १९५५ चं, इंग्रजी भाषांतर १९५८ चं. नंतरच्या काही पेपरबॅक आवृत्त्या संक्षिप्त आहेत, तेव्हा पानांची संख्या विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. सँडरसन यांचं १९६१ चं 'अबॉमिनेबल स्नोमेन' रंजक आहे, पण ऐकीव आणि पाहिलेलं यांची त्यात सरमिसळ आहे; संदर्भ म्हणून वापरू नये. मेल्ड्रम यांचं 'सॅस्क्वॉच' (२००६) वाचणाऱ्यानं डेगलिंग यांचं 'बिगफूट एक्सपोज्ड' (२००४) शेजारी ठेवावं, कारण एकाच ठशांवर दोघं उलट बाजूंनी बोलतात. हिमालयासाठी दोन पुस्तकं: गिर्यारोहक मेसनर यांचं 'माय क्वेस्ट फॉर द यती' आणि डॅनियल टेलर यांचं २०१७ चं 'यती'. टेलर यांचं मला विशेष आवडतं, कारण अस्वलापाशी पोचल्यावरही ते थांबत नाहीत, ज्या जंगलातून ही गोष्ट उगवली त्या जंगलाबद्दल लिहितात.

ग्रंथालयात ही पुस्तकं एका जागी सापडत नाहीत, आणि म्हणून लोक 'नाहीत' असं समजून परततात. ड्युई पद्धतीत ००१.९४४ इथे गूढ प्राणी, ३९८ मध्ये लोककथा, ५९९.८ मध्ये वानरकुळ, ७९६.५२२ मध्ये गिर्यारोहण आणि ९१५.४ च्या आसपास हिमालयातले प्रवास. या पाचही फळ्या बघा. बडोद्यात मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत किंवा विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत जाल तेव्हा लेखकाच्या नावानंही शोधा. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोलावलेल्या अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांनी बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरणपद्धत बांधली होती, त्यामुळे जुन्या ग्रंथावर ड्युईचा आकडा असेलच असं धरून चालू नका. पस्तीवाल्याकडे मात्र गिर्यारोहणाच्या गठ्ठ्यातच हात घाला.

घरी आणल्यावर सांभाळायची ती छायाचित्रांची पानं. त्या काळात ती चकचकीत आर्ट पेपरवर वेगळी छापून मध्ये शिवलेली असत. आपल्या पावसाळ्यात या कागदाचा लेप ओल धरतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. जूनच्या आधीच दर दोन चित्रांमध्ये पातळ बटर पेपर घाला, पुस्तक उभं ठेवा, भिंतीपासून दोन इंच सोडा. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून सुकवा. कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी चालते, पण कागदाला टेकू देऊ नका. पानं चिकटलीच तर ओढू नका, वाफ देऊ नका, उन्हातही ठेवू नका. पुस्तक आहे तसंच नेऊन बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरासारख्या ठिकाणच्या हस्तलिखितं जपणाऱ्या माणसाला दाखवा.