केमिकल इंजिनिअरिंग घेतोय म्हणजे केमिस्ट्रीच ना?

बारावीचा निकाल लागला की नात्यातलं कोणीतरी फोन करतंच, "पोराची केमिस्ट्री चांगली आहे, केमिकलला टाकू का?" आता केमिस्ट्री लागतेच, नाही असं नाही, पण आम्हा केमिकल इंजिनिअरांचं निम्म्याहून जास्त डोकं उष्णता, प्रवाह, प्रेशर आणि पैसा यातच जातं.

म्हणजे बघा, लॅबमध्ये १ लिटरच्या फ्लास्कमध्ये एक रिअॅक्शन झकास होते, गरम झाली तर बर्फात धरली की झालं. तीच प्लांटमध्ये १००० लिटरच्या रिअॅक्टरमध्ये करायची म्हटलं तर आकार तोच ठेवून लांबी-रुंदी-उंची १० पट झाली, माल १००० पट झाला, पण थंड करायला जो बाहेरचा पृष्ठभाग मिळतो तो फक्त १०० पट. म्हणजे दर लिटरमागे कूलिंग एक दशांशावर आलं, आणि उष्णता बाहेर पडली नाही की तापमान वाढतं, तापमान वाढलं की रिअॅक्शन अजून जोरात, आणि मग पळायची वेळ. केमिस्ट्री तीच हो, पण प्रश्न पार वेगळा!

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर साखर कारखान्याची डिस्टिलरी. मोलॅसिस, म्हणजे साखर काढून उरलेली मळी, आंबवून जो वॉश मिळतो त्यात अल्कोहोल साधारण ८-१० टक्के. कॉलममध्ये, म्हणजे उंच उभ्या टाकीत, उकळून ते वाढवत न्यायचं, पण वजनाने ९५.६ टक्क्यांच्या आसपास गाडी अडते, कारण तिथे वाफेत आणि द्रवात पाण्याचं प्रमाण सारखंच होतं, मग कॉलम कितीही उंच बांधा, ढिम्म फरक पडत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल तर जवळजवळ कोरडं लागतं. म्हणून मॉलिक्युलर सीव्ह, ३ अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे रेणूच्या मापाच्या, छिद्रांचे झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे, पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा मोठा म्हणून बाहेर राहतो. दोन बेड असतात, एक पाणी शोषत असतो तेव्हा दुसऱ्याचं पाणी काढून तो परत तयार करतात. मला विचाराल तर यापेक्षा देखणं इंजिनिअरिंग नाही.

रिसर्चचे विषयही इथूनच फुटतात. सेपरेशनवाले (मिश्रणं वेगळी करणारे) सीव्हऐवजी मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, वापरता येईल का बघतात, बायोकेमिकलवाले जास्त अल्कोहोल सहन करणारं यीस्ट शोधतात, कॅटॅलिसिसवाले (रिअॅक्शनला वेग देणाऱ्या पदार्थांवर काम करणारे) इथेनॉलपासून विमानाचं इंधन करायच्या मागे आहेत, शिवाय प्रोसेस कंट्रोल (प्लांट आपोआप ताब्यात ठेवणं), पॉलिमर, बॅटरी, कार्बन कॅप्चर (धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडणं). कॉम्प्युटरवर प्रवाहाचं सिम्युलेशन करणारे वेगळेच, ते दिवसभर स्क्रीनवरच्या रंगीत चित्रांत रमलेले.

यातलं बरंच काम आपल्या दारातच चालतं हे पोरांना माहीतच नसतं. मुंबईत माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), १९३३ ची, पुण्याची एनसीएल (नॅशनल केमिकल लॅबोरेटरी) १९५० ची. माटुंग्याच्या प्रा. मन मोहन शर्मांचं वायू-द्रव रिअॅक्शन्सवरचं काम जगभर वापरलं जातं.

कुठल्या विषयाला सगळ्यात जास्त वाव आहे असं विचाराल तर मी सांडपाणी म्हणेन, ग्लॅमर शून्य पण काम अफाट. मोलॅसिसपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की मागे ८ ते १५ लिटर काळपट तपकिरी स्पेंट वॉश उरतो. आता बऱ्याच ठिकाणी तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्याची वाफ प्लांटलाच वापरतात आणि राखेतलं पोटॅश खत म्हणून परत उसाला जातं, पण आटवताना इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत जो कीट बसतो त्यावर चांगला उपाय कोणी काढला तर कारखानेवाले त्याला डोक्यावर घेऊन नाचतील.