सगळ्यात हिरवं शेत

ज्या शेतात सोयाबीनला शेंगच धरली नव्हती ते शेत मी ड्रोनने काढलेल्या पिकाच्या नकाशात सगळ्यात हिरवंगार आलं, आणि त्याला लागून असलेलं शेजाऱ्याचं, जिथे चार दिवसांत कापणी होऊन माल घरात येणार होता, ते लाल. कॅमेरा बरोबर होता, उड्डाण बरोबर होतं, सॉफ्टवेअरनेही काही घोळ घातला नव्हता. सगळं बरोबर असून कागद चुकीचा, हे डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

मी इंदूरला ड्रोन चालवतो. लोकमान्य नगरात अजून निम्म्या लोकांना वाटतं की मी लग्नाचं शूटिंग करतो, आणि आईने तो गैरसमज दूर करायचं आता सोडून दिलंय. खरं काम म्हणजे खरिपात फवारणी, १० लिटरची टाकी, एक एकर सात-आठ मिनिटांत. बाहेरच्यांना वाटतं दिवसभर रिमोट धरून मजा, पण निम्मा दिवस बॅटऱ्या थंड होण्याची वाट बघण्यात, जनरेटरच्या मागे धावण्यात आणि विहिरीचं पाणी फडक्याने गाळण्यात जातो, कारण एक नोझल चोक झालं की अख्खा पट्टा कोरडा. सोबत मामेभाऊ असतो, तो औषध कालवतो आणि बांधावर जमलेल्या पोरांना हाकलतो.

ते काम मात्र फवारणीचं नव्हतं, मॅपिंगचं होतं. एका कंपनीने देपालपूरच्या बाजूला शेतकऱ्यांना पॅकेज विकलं होतं, बियाणं त्यांचं, दोन फवारण्या ड्रोनने, आणि शेवटी 'पीक आरोग्य अहवाल'. त्यातल्या एका काकांनी तक्रार केली की शेंगा नाहीत. मग कंपनीने मला पाठवलं, नकाशा काढून द्या म्हणून. फवारणी माझी नव्हती, दुसऱ्या कुठल्या तरी पोराने केली होती.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा, वर ढगांचे तुकडे. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्याला, म्हणजे उजेडाचे वेगवेगळे रंग आणि इन्फ्रारेड सुटे टिपणाऱ्या कॅमेऱ्याला, ढग म्हणजे शत्रू, कारण एका पट्ट्यावर ऊन आणि पुढच्यावर सावली आली की नकाशात पट्टेरी सतरंजी तयार होते आणि ऑफिसातला माणूस त्यालाच रोग समजतो. म्हणून उडवायच्या आधी आणि उतरवल्यावर, दोन्ही वेळा उजेडाचं माप जुळवायचा करडा कॅलिब्रेशन पॅनल जमिनीवर ठेवून फोटो घ्यायचा, स्वतःची सावली त्यावर पडू द्यायची नाही. हे बरेच जण करतच नाहीत, कोण बघतंय म्हणून. मी करतो. ६० मीटर उंची, एक फोटो दुसऱ्यावर चढायला हवा म्हणून पुढे ८० टक्के ओव्हरलॅप, बाजूला ७०, आणि ढग सरकेपर्यंत गप बसून राहायचं. विमानतळापासून १२ किलोमीटरच्या बाहेर ग्रीन झोन, ४०० फुटांपर्यंत परवानगीची कटकट नाही, ते एक सुख.

रात्री घरी फोटो जोडले. पिकाचा हिरवेपणा मोजणाऱ्या आकड्याला एनडीव्हीआय म्हणतात, त्याचं गणित सोपं आहे, हिरवं पान लाल उजेड पिऊन टाकतं आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड परत फेकतं, त्या दोघांच्या फरकावरून आकडा निघतो. जितकी हिरवी दाट पानं तितका आकडा एकाच्या जवळ. काकांचं शेत गडद हिरवं, जवळजवळ एकसारखं. शेजारचं पिवळं-लाल. दोघांचं बियाणं एकच, पेरणीत दोन दिवसांचा फरक.

मला सकाळीच शंका आली होती, कारण मी शेतात उतरलो होतो. (पायलटने शेतात उतरावं असं कुठल्याच वर्क ऑर्डरमध्ये नसतं.) काकांनी एक झाड उपटून माझ्या हातात दिलं. कमरेच्या वर उंच, पान असं की गायीलाही कौतुक वाटावं. खोडावरची पानं वर सारली तर पेरापेराला जिथे शेंगांचे घोस लटकायला हवेत तिथे नुसते गळलेल्या फुलांचे बारीक वण. खाली तीन-चार चपट्या शेंगा, बोटाने दाबल्या तर आत दाणा नाही. आणि शेंड्याला, सप्टेंबर संपायला आलेला असताना, नवीन जांभळी फुलं! झाडाला बिचाऱ्याला वाटत होतं अजून वेळ आहे. काका म्हणाले, "ऊपर से तो हमको भी हरी दिखे भिया, नीचे फली नी है."

बांध ओलांडून शेजारी गेलो तर पानं पिवळी होऊन निम्मी गळलेली, खोडावर तपकिरी शेंगा खालपासून वरपर्यंत, हलवलं की दाणे वाजतात.

यात गूढ काही नाही. सोयाबीन दाणे भरायला लागलं की पानांतला नायट्रोजन काढून दाण्यात घालतं, म्हणून पान पिवळं पडून गळतं. शेंगच नसेल तर पानांतला माल न्यायचा कुठे? पान हिरवं ते हिरवंच राहतं. म्हणजे कापणीच्या तोंडावर जे सगळ्यात हिरवं तेच सगळ्यात फसलेलं असू शकतं. हाच नकाशा ऑगस्टमध्ये काढला असता तर हिरवं म्हणजे ठीक असं म्हणता आलं असतं, तेही पूर्ण नाही, कारण पानं फार दाट झाली की एनडीव्हीआयचा आकडा एका मर्यादेपुढे वाढतच नाही. पण सॉफ्टवेअरच्या रंगपट्टीला, म्हणजे लेजंडला, तारीख कळत नाही, तिथे हिरव्यापुढे 'स्वस्थ' आणि लालपुढे 'तणावग्रस्त' एवढंच छापलेलं.

मी रिपोर्टला एक पान जोडलं. शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली झाडं, लोकेशनसकट फोटो, प्रत्येकाच्या शेंगा मोजून, बाजूला शेजारच्या शेतातली तेवढीच झाडं, आणि खाली स्पष्ट लिहिलं की या अवस्थेत हिरवेपणा म्हणजे उत्पादन नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन, बोलणारा मुलगा चांगल्या घरचा, बोलायला गोड, शेतात कधी गेला नसावा.

"सर, ते शेवटचं पेज काढलंय हां, टेम्प्लेटमध्ये ते फील्डच नाहीये."

"अहो पण तेच तर महत्त्वाचं आहे."

"पण सर, लेजंड तर पूर्ण ग्रीन आहे ना. मग फार्मरला प्रॉब्लेम काय आहे?"

मी त्याला म्हटलं, मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून फोटो काढून जेवण कसं होतं ते सांगण्यासारखं आहे हे. तो हसला. पान गेलं ते गेलंच.

शेंगा का धरल्या नाहीत हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मालव्यात हा प्रकार नवा नाही, इथे त्याला अफलन म्हणतात. फुलोऱ्यात सलग पाऊस नि ढगाळ हवा असली की फुलं गळतात. पेरणी फार दाट असली तरी खालच्या पेरांना ऊन मिळत नाही. पण शेजारच्या शेतावरही तेच ढग होते. मग उरते हिरवी अळी, सेमीलूपर, पाठ उंचावत चालते ती, ऐन फुलोऱ्यात ती कळ्या-फुलं खाते आणि वरून झाड छान दिसत राहतं. शेजाऱ्याने पाठीवरच्या पंपाने फवारलं होतं, झाडांत शिरून, भरपूर पाण्यात. ड्रोनने एकरी १० लिटर पाणी पडतं. ते पुरतं, मी स्वतः रोज तेच करतो, पण उंची दीड-दोन मीटर नि वेग कमी ठेवला तरच पंख्याची हवा पानं हलवून थेंब खाली पोचवते. एकरावर पैसे मिळतात म्हणून पोरं चार मीटरवरून सुसाट उडवतात, दुपारच्या वाऱ्यातही, आणि औषध वरच्या पानांवर नाहीतर शेजारच्या गावात. सांवेरकडे एका बचत गटातली, सरकारी योजनेतली ड्रोन दीदी आहे, १५ दिवसांच्या ट्रेनिंगवर शिकली, हळू उडवते म्हणून लोक तिला हसायचे, पण तिच्या गिऱ्हाइकांची तक्रार मी अजून ऐकली नाही.

मी कंपनीकडे ऑगस्टच्या उड्डाणाचा लॉग मागितला. ड्रोन प्रत्येक सेकंदाची उंची, वेग, पंपाचा प्रवाह नोंदवून ठेवतो, पाच मिनिटांत कळलं असतं. उत्तर आलं की तो पायलट सोडून गेला. अरे पायलट गेला, लॉग कुठे गेला?

काकांच्या मुलाला मी माझा मूळ रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला, काढलेल्या पानासकट, आणि सांगितलं की कृषी विभागाच्या माणसाला बोलावून उभ्या पिकाचा पंचनामा करून घ्या, खंडवा रोडच्या सोयाबीन संस्थेत दोन झाडं मुळासकट घेऊन जा. संस्थेत तो गेला. पंचनाम्याला माणूस येतो येतो म्हणत आला नाही, इकडे बटाट्याची लावणी तोंडावर, सोयाबीन कापायची मजुरीसुद्धा निघत नव्हती. काकांनी उभ्या पिकात रोटावेटर फिरवला. पंचनामा करायला आता शेतात पीकच नव्हतं. कंपनीचं पत्र नंतर आलं: उगवण उत्तम, पीक आरोग्य उत्तम, सोबत नकाशा, खाली डेटा संकलन म्हणून माझं नाव.

नकाशा माझाच आहे, नाकारू कसा? म्हणून आता मॅपिंगचं काम घेताना पहिल्यांदा सांगतो की जमिनीवरचं पान रिपोर्टमध्ये राहणार असेल तर येतो, आणि पीक कितव्या दिवसाचं आहे ते नकाशावरच छापायचं. त्याच कंपनीचा गव्हासाठी फोन आला होता. अट ऐकून 'बघतो आणि कळवतो' म्हणाले. मामेभाऊ म्हणतो ते काम त्यांनी बेटम्याच्या एका पोराला दिलंय, माझ्यापेक्षा कमी रेटमध्ये.