बंद चाचणी, खुली चाचणी आणि दुतोंड्या मारुती

गोदावरीला पूर आला की नाशिककर एकच विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय? रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभी असलेली ही मारुतीची मूर्ती म्हणजे आमच्याकडचं पूर मोजायचं माप. आमच्या मोबाईल गेममधलं मीटर तेच आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी येते आणि रामकुंडाजवळच्या छोट्या दुकानदारानं माल, हातगाडी आणि शेजारच्या आजीच्या फुलांच्या टोपल्या वरच्या रस्त्याला न्यायच्या. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की घाई, छातीला लागलं की धावपळ, गळ्याशी आलं की डाव संपला. पाच-सात मिनिटांचा खेळ. बनवणारे आम्ही पाच जण, सगळे नोकरी सांभाळून. पगार नाही, जाहिराती नाहीत, गेम फुकट. कोड लिहिणारा अंबड एमआयडीसीत शिफ्ट करतो, चित्रं काढणारी ताई शाळेत शिकवते. मला यातलं काहीच येत नाही, म्हणून चाचणीचं खातं माझ्याकडे आलं.

कच्चा गेम यादीतल्या मोजक्या माणसांनाच खेळायला द्यायचा (बंद चाचणी) की कुणालाही (खुली चाचणी), हा वाद आमच्यात सुरू व्हायच्या आधीच अर्धा निकाल लागला होता. गूगल प्लेवर खातं उघडायला २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, ते भरले. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर गेम सगळ्यांसाठी टाकण्याआधी बंद चाचणी सक्तीची आहे. किमान १२ टेस्टर, आणि ते सलग १४ दिवस चाचणीत सामील राहिलेले हवेत. आधी हा आकडा २० होता, डिसेंबर २०२४ मध्ये १२ वर आणला. संस्थेच्या नावानं खातं काढलं तर ही अट नाही, पण त्याला नोंदणीकृत संस्था आणि तिची ओळख पटवणारा डन्स क्रमांक लागतो. आमची संस्था म्हणजे कॉलेज रोडवरचं चहाचं एक टेबल, तेव्हा तो रस्ता बंद.

बारा माणसं जमवणं सोपं वाटतं. जमतातही. अडतं ते जीमेलपाशी. टेस्टरचा ईमेल आधी यादीत टाकावा लागतो, मग त्यानं त्याच खात्यातून लिंक उघडून होकार द्यायचा आणि त्याच खात्यातून गेम उतरवायचा.

“मावशी, तुझा जीमेल काय आहे गं?”

“अरे, तो मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं टाकून दिलाय. मला काय ठाऊक?”

अर्ध्या टेस्टरांची गत हीच. एका फोनमध्ये दोन-दोन खाती, यादीत एक आणि प्ले स्टोअरमध्ये चालू दुसरं. मग “तुझी लिंक चालत नाही” असा व्हॉइस मेसेज. प्रत्येकाकडून प्ले स्टोअरमधल्या गोल फोटोवर बोट ठेवून दिसणाऱ्या खात्याचा स्क्रीनशॉट मागवायला लागल्यावरच गाडी रुळावर आली. बारावर थांबू नका, हेही सांगून ठेवतो. कुणीतरी फोन बदलतो, कुणी मध्येच बाहेर पडतो, आणि सलग म्हणजे सलग. वरची चार-पाच माणसं हाताशी ठेवा.

बंद चाचणीनं काय दिलं? यंत्राच्या तक्रारी, भरपूर आणि नेमक्या. आमचा गेम गोडो या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे इंजिनवर, आहे. त्याच्या २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात, म्हणून तर आम्ही तिच्यावर विसंबलो. पण बातमीचा मजकूर एकेक अक्षर उमटत दाखवायचा होता, तिथे गंमत झाली. ‘विसर्ग’ लिहिताना आधी पाय मोडलेला र दिसायचा, मग ग आला की तोच रफार होऊन वर उडी मारायचा. वाचणाऱ्याचा डोळा दर शब्दाला ठेचकाळत होता. शब्द आधी पूर्ण जुळवून मग उघड करण्याची सोय इंजिनात आहे, ती लावल्यावर मजकूर शांत झाला. दुसरी तक्रार शेजारच्या पोराची. त्याच्या जुन्या फोनवर नुसता काळा पडदा. गोडोत चित्र रंगवण्याच्या पद्धती तीन, त्यातली ‘कंपॅटिबिलिटी’ ही जुन्या फोनांसाठी. ती निवडली आणि घाट दिसायला लागला. या दोन्ही गोष्टी ओळखीच्या माणसांकडूनच कळायला हव्यात, कारण अनोळखी माणूस काळा पडदा बघून गेम काढून टाकतो आणि सांगतही नाही.

खेळाबद्दल मात्र बंद यादीतून काहीच कळेना. “भारी झालाय”, “मस्त रे”, “मारुती छान काढलाय”. आपली माणसं आपल्याला दुखवत नाहीत. शिवाय त्यांना गेम कसा खेळायचा हे मीच चहावर सांगितलेलं, मग ते अडखळणार कुठे? अडखळणारा माणूस हवा असेल तर तो यादीबाहेरूनच आणावा लागतो.

इथे आमच्यात जुंपली. कोडवाला म्हणाला, सरळ सगळ्यांना उघडून द्या. त्याचं उदाहरण ‘बॅटल फॉर वेसनॉथ’चं. डेव्हिड व्हाइटनं २००३ मध्ये सुरू केलेला हा स्वयंसेवकांचा गेम वर्षानुवर्षं अर्धवट आवृत्त्याही कुणालाही देत आला आहे. फक्त आकड्यात खूण असते, मधला आकडा विषम असेल तर कच्ची, सम असेल तर पक्की. ताईनं ‘झीरो ए. डी.’ पुढे केला. तोही स्वयंसेवकांचाच, पण कित्येक वर्षं दारं लावून घडवलेला. कोड खुला केला २००९ मध्ये, पहिली अल्फा, म्हणजे कच्ची आवृत्ती, आली २०१० मध्ये. तिला धास्ती होती अर्धवट चित्रं जगभर फिरण्याची. माझ्या मते दोघंही गुपितावर भांडत होते, आणि आमच्याकडे चोरण्यासारखं गुपित नव्हतंच. प्रश्न वेळेचा होता. आलेल्या प्रत्येक तक्रारीला कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. उत्तर न मिळालेला टेस्टर दुसऱ्यांदा लिहीत नाही. पगारी कंपनीत त्यासाठी माणूस बसवलेला असतो. आमच्यात रात्री जेवणानंतर फार तर दोन जणांना तासभर मोकळा. चाचणी किती खुली करायची, हे त्या तासावरून ठरवायचं.

म्हणून धरणासारखंच केलं, थोडे दरवाजे थोडा वेळ. प्लेवर नवीन खात्याला खुली चाचणी आधी मिळतच नाही, तेव्हा गेमचं पान इच डॉट आयओ या छोट्या गेमकर्त्यांच्या संकेतस्थळावर टाकलं. तिथे पान सार्वजनिक ठेवता येतं किंवा मर्यादित. मर्यादित असलं की ज्याच्याकडे चावी त्यालाच उतरवता येतं. शनिवारी सकाळी सार्वजनिक, रविवारी रात्री परत मर्यादित. आठवडाभर दुरुस्ती. तक्रारीच्या फॉर्ममध्ये तीनच प्रश्न, फोन कोणता, काय करत होतात, काय झालं. चौथा प्रश्न टाकला की लोक फॉर्म सोडून देतात, हे माझं ठाम मत आहे.

पहिल्या रविवारी संध्याकाळी फॉर्म बघून कोडवाला गप्पच बसला. एकाच बगच्या तक्रारी ओळीनं. फोन आला की गेमचं संगीत थांबत नाही, हे इतक्या जणांनी लिहिलं की ते वाचण्यातच रात्र गेली. तेव्हापासून माहीत असलेल्या अडचणींची यादी पानावर सगळ्यात वर असते, डाउनलोडच्या बटणाच्याही वर. तक्रारी निम्म्यावर आल्या नसतील, पण नवीन तक्रार पटकन सापडायला लागली.

आणि मग त्यातच एक सापडली. पंचवटीतले एक गृहस्थ, घाटावर पूजेच्या साहित्याचं दुकान. फॉर्ममध्ये फोन नंबर देऊन लिहिलेलं, ‘बोलायचं आहे’. मी लावला.

“तुम्ही नाशिकचेच ना?”

“हो काका, इंदिरानगरला असतो.”

“मग दादा, धरणातून पाणी सोडलं की लगेच रामकुंडावर कसं येईल? वेळ लागतो त्याला. तेवढ्याच वेळात तर आम्ही सामान हलवतो. तुमच्या गेममध्ये तो वेळच नाही.”

आमच्या यादीतली माणसं सिडकोतली, गंगापूर रोडवरची. आमच्यासारखीच पूर बघायला जाणारी. पुरातून सामान हलवणारा एकही माणूस आम्ही ओळखत नव्हतो, म्हणून तो यादीत नव्हता. काकांनी आणखी सांगितलं की धरणाचे दरवाजे बंद असले तरी शहरात जोराचा पाऊस झाला की सरस्वती नाल्याचं पाणी दहीपूल, सराफ बाजारात शिरतं, मारुतीचे पाय कोरडे असताना. पहिल्या सूचनेनं आमचा सगळा खेळ बदलला. आता विसर्गाची बातमी आधी येते, होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा आकडा नंतर वाढतो आणि त्या मधल्या वेळेत काय उचलायचं हे ठरवण्यातच मजा आहे. दुसऱ्या सूचनेतून सराफ बाजाराचा टप्पा झाला.

दोन ठिकाणी चाचणी चालवणाऱ्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट. प्लेवरून येणाऱ्या प्रतीवर गूगलकडे ठेवलेल्या डिजिटल चावीची सही असते, तुम्ही स्वतः वाटलेल्या एपीकेवर, म्हणजे अँड्रॉइडवर थेट बसवायच्या फाइलवर, तुमच्या चावीची. सह्या जुळत नसतील तर अँड्रॉइड एकावर दुसरी बसू देत नाही. जुनी काढावी लागते आणि तिच्याबरोबर खेळाडूची प्रगतीही जाते. आम्ही खुल्या प्रतीचं पॅकेजचं नावच, म्हणजे फोन ज्यावरून ॲप ओळखतो ते नाव, वेगळं ठेवलं, चिन्हावर लाल पट्टी मारली. दोन्ही प्रती एकाच फोनमध्ये गुण्यागोविंदानं राहतात.

चौदा दिवस भरल्यावर गेम सगळ्यांसाठी टाकू द्या, असा प्लेवर अर्ज करायचा. त्यात विचारतात, टेस्टर कसे मिळवले, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं. रफाराची उडी आणि काळा पडदा दोन्ही तारखेसकट वहीत होते, ते लिहिले. तपासणीला साधारण सात दिवस किंवा कमी, असं गूगल म्हणतं. परवानगी मिळाली की प्लेवरच खुल्या चाचणीचा मार्गही उघडतो, आणि तिथल्या टेस्टरांचे शेरे फक्त आपल्यालाच दिसतात, गेमच्या जाहीर गुणांत धरले जात नाहीत. ताईची धास्ती बरीचशी तिथेच मिटली.

सराफ बाजाराचा टप्पा सध्या बंद यादीकडे आहे. यादी नवी केली आहे. त्यात काका आहेत, त्यांच्या शेजारचे दोन दुकानदार आहेत, शेजारचा पोरगा जुन्या फोनसकट आहे. मावशी पण आहे, तिचा जीमेल आता मला पाठ आहे. पावसाळ्याआधी हा टप्पा शनिवार-रविवार खुला करू. त्या आठवड्यात कोडवाल्याची रात्रपाळी असेल, तर एक शनिवार पुढे ढकलू.