तुम्ही विचारलंत म्हणून : न वाजवणं शिकवायला इतका वेळ का लागतो?

"मॅडम, त्यात शिकवायचं काय असतंय? गप बसायचं!"

दर जूनमध्ये नव्या बॅचचे पालक मला हे ऐकवतात. त्यांचंही चुकत नाही. फी भरून झालेली असते, पोराच्या वहीत मात्र गाणं एकही नाही, नुसती रेस्टची, म्हणजे 'इथे इतका वेळ वाजवायचं नाही' असं सांगणारी चिन्हं गिरवलेली. सांगलीत विश्रामबागला मी कीबोर्ड आणि गिटारचे क्लास घेते. (रेस्ट शिकवणारीचा पत्ता विश्रामबाग, हा विनोद सगळ्यांचा करून झालाय.) तर एकदाच सविस्तर उत्तर देते.

पहिली गोष्ट, गप बसणंसुद्धा हातानेच करावं लागतं. कीबोर्डवर बोट उचललं की आवाज थांबतो. गिटारची मोकळी तार छेडली की ती आपली घुमतच राहते, तिच्यावर तळवा टेकवून तिला थांबवावं लागतं. नवी मुलं रेस्ट आली की पुढचा सूर वाजवत नाहीत, एवढंच. मागचा सूर तसाच रेंगाळत असतो. म्हणजे रेस्ट कागदावर असते, कानाला नसते.

दुसरी अडचण खास आपल्या भागातली आहे. शेजारी मिरज, तिथली सतारमेकर गल्ली, घरोघर कोणी ना कोणी गाणं-तबला शिकलेलं. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं आधी गाण्याच्या क्लासला जाऊन आलेली असतात. तिथे तानपुरा अखंड चालू असतो. गाणारा श्वास घ्यायला थांबला तरी पोकळी पडत नाही. सतारीच्याही तरफा (मुख्य तारांखालच्या बारीक तारा) मागे झंकारत राहतात. त्या मुलाला कीबोर्डसमोर बसवून दोन मात्रा थांबायला सांगितलं, की खोलीत एकदम काहीच ऐकू येत नाही. ते बावरतं आणि पुढच्या सुरावर उडी मारतं. रेस्ट लांबवणारं मूल मी क्वचितच पाहिलंय. सगळी आखडतातच.

मागे एक सातवीतला मुलगा ३/४ मधला, म्हणजे दर बारला (तालाच्या दर खणाला) तीन मात्रांचा धडा वाजवत होता. डाव्या हाताने बारच्या पहिल्या मात्रेवर एक सूर, मग दोन मात्रा रिकाम्या. त्याचा बार तीनचा होईचना, अडीचवरच संपायचा. मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र) लावून उपयोग झाला नाही, कारण तो टिकटिक ऐकतच नव्हता. शेवटी कीबोर्ड बंद केला आणि टेबलावर वाजवायला लावलं. माझा एक हट्ट आहे : रेस्टचा आकडा सुराच्या आकड्यापेक्षा मोठ्याने म्हणायचा. "एक, दोन्न, तीन्न." बाहेर बसलेल्या त्याच्या आजोबांना वाटलं, पाढे चाललेत. पण बार तीनचा झाला. मग आवाज हळूहळू कमी करायचा आणि शेवटी मनात मोजायचं. ही शेवटची पायरीच सगळ्यात जास्त वेळ खाते.

तबला शिकलेली मुलं हमखास विचारतात, "रेस्ट म्हणजे खाली का?" नाही. खाली म्हणजे ताल धरताना टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा, पण तिच्यावरही बोल वाजतो. तीनतालात नवव्या मात्रेला खाली असते, पण तबला तिथे थांबत नाही, फक्त पुढे बायाचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) घुमारा जातो आणि 'तिं तिं ता' येतं. रूपकात तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्राच, खालीची. रेस्टचं खरं नातं दमदार तिहाईतल्या दमाशी आहे. तिहाई म्हणजे एकच पल्ला (बोलांचा तुकडा) तीनदा वाजवून समेवर येणं, आणि दम म्हणजे दोन पल्ल्यांमधलं थांबणं. समेपासून उचलून पुढच्या समेवर यायचं तर झपतालात दहा आणि वरची सम धरून अकरा मात्रा भरायच्या. तीन मात्रांचा पल्ला तीनदा घेतला की नऊ होतात. उरल्या दोन, म्हणजे दोन पल्ल्यांच्या मध्ये दम एक मात्रेचा. तोच पल्ला बारा मात्रांच्या एकतालात घ्या : तेरातून नऊ गेले, चार उरले, दम दोन मात्रांचा. सात मात्रांच्या रूपकाच्या दोन आवर्तनांत दम तीनचा, सोळा मात्रांच्या तीनतालात चारचा. बोलाचं एक अक्षरही बदललं नाही, बदलली ती फक्त थांबण्याची लांबी. हे हातावर ताल धरून करून बघा, मुलांना फार मजा येते. 'ताल बदलला की रेस्ट बदलते' हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र पाश्चात्त्य लिपीत आणखी एक पेच आहे. तिथे थांबण्याची लांबी तीच असूनही लिहायची पद्धत बदलते, आणि परीक्षेतले मार्क तिथेच जातात. क्रॉचेट रेस्ट एका मात्रेची, मिनिम रेस्ट दोन मात्रांची. मग ३/४ मध्ये पहिली मात्रा वाजवून उरलेल्या दोन रिकाम्या ठेवायच्या, तर मूल सरळ मिनिम रेस्ट टाकतं. बेरीज बरोबर, उत्तर चूक. तिथे दोन क्रॉचेट रेस्टच लिहायच्या, म्हणजे तिसरी मात्रा डोळ्यांना दिसते. ४/४ मध्ये बारचा पहिला किंवा दुसरा अर्धा भाग रिकामा असेल तर मिनिम रेस्ट चालते. पण दुसरी आणि तिसरी मात्रा रिकामी असेल तर पुन्हा दोन क्रॉचेट, कारण बारचा मध्य झाकायचा नसतो. वाजवणारा ते चिन्ह चालत्या लयीत वाचत असतो. मात्रा कुठे पडते हे त्याला बघताक्षणी कळलं पाहिजे, त्याला तिथे गणित घालून कसं चालेल?

६/८ मध्ये मी सरळ दादरा म्हणायला लावते. धा धी ना, धा ती ना. सहा क्वेव्हर (क्वेव्हर म्हणजे अर्धा क्रॉचेट), तीन-तीनचे दोन गट. ३/४ मध्येही क्वेव्हर सहाच, पण गट दोन-दोनचे तीन. ६/८ मध्ये पहिला अख्खा गट रिकामा असेल तर टिंबवाली क्रॉचेट रेस्ट, म्हणजे तीन क्वेव्हरची. पहिला क्वेव्हर वाजवून गटातले उरलेले दोन सोडायचे असतील तर दोन सुट्या क्वेव्हर रेस्ट. तिसरा आणि चौथा सोडायचा असेल तरी दोन सुट्याच, कारण एक क्रॉचेट रेस्ट टाकली तर ती दोन्ही गटांवर पाय पसरून बसते. दादरा तोंडात बसलेल्या मुलाला हे दहा मिनिटांत उमगतं.

मग सगळ्यात मोठं भांडण सेमीब्रेव्ह रेस्टचं. सूर लिहायच्या पाच रेषांत खालून मोजलं तर मिनिम रेस्ट तिसऱ्या रेषेवर बसलेली, तर ही चौथ्या रेषेला वटवाघळासारखी उलटी लटकलेली. मुलं व्हिडिओ बघून पाठ करून येतात की ही चार मात्रांची. मग ३/४ च्या रिकाम्या बारमध्ये ती दिसली की म्हणतात, "मॅडम, छपाईची चूक आहे." चूक नाही. अख्खा बार रिकामा असेल तर २/४ असो, ३/४ असो, ६/८ असो, हेच चिन्ह बारच्या मधोमध येतं. अपवाद ४/२ चा, म्हणजे चार मिनिमच्या बारचा, तिथे सेमीब्रेव्हच्या दुप्पट लांबीची ब्रेव्ह रेस्ट लागते. पण तो बार तुमच्या मुलासमोर यायला अजून अवकाश आहे, काळजी नको.

आता तुमच्यासाठी एकच काम. घरी सराव चालू असताना मूल मध्येच थांबलं तर स्वयंपाकघरातून "का रे थांबलास?" असं ओरडू नका. ओठ हलत असतील तर ते मोजतंय. ओठही हलत नसतील, तर खुशाल जाऊन बघा. मांडीवर मोबाईल असणार.